मन्साराम आणि दसरूचा दगड

मन्सारामशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच उकरून काढलं होतं.

सडक अर्जुनीच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथे नवीनच रुजू झाले होते. माहेर गोंदिया शहरातलं, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि राग मात्र पूर्ण. सकाळी हजेरी घ्यायला लागले की पोरं खिडकीकडे बघून खुसूखुसू हसायची. दोन दिवस मी कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशी खिडकीशी जाऊन बघितलं, तर रस्त्याच्या पलीकडे खाकी हाफपँट घातलेला एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस फावडं बाजूला टेकवून, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा! मी नाव घेतलं की पोरगं "हजर" म्हणायचं आणि हा बाबा तिकडे नजरसुद्धा हलवायचा नाही. शेवटचं नाव झालं, तसं त्याने फावडं उचललं आणि कामाला लागला.

माझं डोकंच सणकलं. तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"काय हो, तमाशा लावलाय का? नक्कल करता माझी?"

"नाही जी म्याडम," तो म्हणाला. "हजेरी होऊन राहिली होती. हजेरीत उभं राहा लागते."

"पटावर नाव आहे का तुमचं?"

"नाव नाही जी. पन सवय पडली. आता कायले मोडता?"

मी पाय आपटत परत आले. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला सगळं सांगितलं. मन्साराम एकाहत्तरच्या लढाईत शिपाई होता. पाकिस्तानच्या कैदेत वर्षभर राहून आला. तिथे दिवसातून दोनदा, कधी तीनदा मोजणी व्हायची, आणि जो नीट उभा राहिला नाही त्याला मार बसायचा. हे ऐकून मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा उघडवेना.

तर असा मन्साराम. रस्ता खात्यातला मैलकुली. म्हणजे ठरलेल्या तुकड्यातले खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं, मैलाच्या दगडांना रंग मारायचा. माजी सैनिक म्हणून त्याला ऑफिसात चपराश्याची जागा मिळत होती. ती नाकारून त्याने ही मागून घेतली. का, असं विचारलं तर म्हणायचा, "छताखालचं काम नोको. एका वर्षात लई छत पाहिलं." घरीही तो बाराही महिने ओसरीवर झोपायचा. घराच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. त्याने स्वतःच उपटून टाकली होती.

पोळी तो खात नसे. लग्नाच्या पंगतीत कोणी वाढायला आलं की पत्रावळीवर हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "माह्या वाटच्या सगळ्या पोळ्या खाऊन झाल्या." भात मात्र असा खायचा की बघत राहावं. पहिला घास कोरा, वरण नाही, भाजी नाही. डोळे मिटून चावायचा आणि तांदळाची जात ओळखून निकाल द्यायचा, "चिन्नोर हाये, पन मागल्या सालचा." एकदा मी मुद्दाम दुकानातला चकचकीत तांदूळ शिजवून डब्यात नेला. त्याने घास घेतला, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, दुकानदारानं तुमचा राग पाहिला नसन अजून."

एक गोष्ट मी त्याच्याकडून शिकले. एकदा तो संकोचत शाळेच्या दारात आला आणि म्हणाला, "गैरहजर पोराचं नाव घेतलं की तुमी लगेच पुढच्यावर जाता. तसं नोको करू. जराशीक थांबत जा. पोरगं कुठं असन, एवढं तरी मनात येऊ द्या." मी थांबायला लागले. तेव्हापासून कुठलं मूल धानाच्या रोवण्यावर गेलंय, कुठलं तापाने पडलंय, हे मला वेळेवर कळायला लागलं. पण हे त्याला का सुचलं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे पळसाखाली तो दगड होता. खात्याने बदलून टाकलेला जुना मैलाचा दगड मन्सारामने उलटा फिरवून पुरला होता. कोऱ्या बाजूला चुना मारून गेरूने लिहिलं होतं, 'शिपाई दसरथ. लढाईत गोळी लागून शहीद.' दसरथ म्हणजे दसरू, शेजारच्या टोलीतला, म्हणजे वाडीतला, मन्सारामच्या बरोबरीने भरती झालेला. मन्साराम परत आला, दसरू आला नाही. मागच्या बाजूला रायपूरचं अंतर तसंच होतं. त्यामुळे इकडून जाणाऱ्याला शहीद दिसायचा आणि तिकडून येणाऱ्याला मैल. ट्रकवाल्यांनी त्याचा केव्हाच फौजीबाबा करून टाकला होता. नारळ फोडायचे, अगरबत्ती खोचायचे, हॉर्न वाजवून पुढे जायचे.

याचा सर्वांत जास्त राग यायचा कौतिकाबाईला. ही दसरूची मोठी बहीण. उंच, हडकुळी, गालात तंबाखूची गोळी, आणि जीभ अशी की गावचा सरपंचसुद्धा तिच्या दारावरून सायकल जोरात मारायचा. "माह्या भावाले देव नोको करू रे!" ती ट्रकवाल्यांवर ओरडायची. "देवाले कोनी जेवू घालत नाही, निस्ता धूर दाखवतेत!" नारळ मात्र उचलून न्यायची. चटणी चांगली व्हायची म्हणे.

मन्सारामची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. कौतिकाबाई दर राखीला त्याला राखी बांधायची, पोळ्याला त्याच्या नावाचं ताट काढायची, आजारी पडला तर शिव्या देत काढा पाजायची. तो तिला 'बाई' म्हणायचा, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. जगात त्याचं म्हणावं असं ते एकच दार होतं.

दर वर्षी पितृपंधरवड्यात, चतुर्दशीला, ती त्या दगडापाशी पत्रावळ घेऊन यायची. हत्याराने मेलेल्यांचं पितर चतुर्दशीला घालतात. बाकीच्यांचं ज्या तिथीला मेले त्या तिथीला. दसरू गोळीने गेलेला, म्हणून चतुर्दशी. भात, वडे, कढी असं सगळं मांडून ती कावळ्याची वाट बघत बसायची. कावळा यायचा नाही. दुपार कलायची तरी यायचा नाही. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, अहो, या हॉर्नांच्या गदारोळात कावळाच काय, गरुड तरी उतरेल का? पण तिला ते कोण सांगणार! शेवटी ती मन्सारामकडे वळायची.

"काही तरी इच्छा राह्यली गा त्याची. तुले काही बोलला होता का, मन्सा?"

"गोळी लागली, बाई," मन्साराम जमिनीकडे बघत म्हणायचा. "बोलाले वेळच कुठं भेटला."

सतरा वर्षं हे सवालजवाब मी पाहिले. दर वर्षी मन्साराम नंतर दोन दिवस जेवायचा नाही. मला वाटायचं, मित्राच्या आठवणीने होत असेल.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले, पळसावर लाल पट्टा मारून गेले, दगडावरही मारला. मन्साराम तेव्हा निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण स्वतःचं फावडं घेऊन रोज यायचाच. तो ऑफिसात गेला, तर तिथला एक बाबू म्हणाला, "हा तर सरकारी मैलाचा दगड आहे. उलटा केला म्हणून स्मारक होतं काय? कागद आणा, अर्ज करा, मग शाळेच्या बाजूला सरकवून देऊ."

मन्सारामने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. अर्जासाठी तो माझ्याकडेही आला नाही, याचं मला नवल वाटलं. पण असल्या गोष्टी गावात लपतात थोड्याच? चार दिवसांनी कौतिकाबाईच प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पिवळा कागद घेऊन शाळेत हजर झाली.

"हे पाय वो म्याडम. दसरू गेला तवा फौजेतून आलता. माह्या बाबाले मन्सानंच वाचून दाखवला होता. त्याच्यावरून बाबाची पेन्शन झाली. पुन्ना कोनी वाचला नाही. त्या हापिसात तं वाचत नाहीत, निस्ते ठप्पे मारतेत."

कागद इंग्रजीत होता, चारच ओळींचा. शिपाई दसरथ हे शत्रूच्या ताब्यात असताना, कैद्यांच्या छावणीत, आजाराने मरण पावले, असं कळवताना दुःख होत आहे.

मी तो दोनदा वाचला. गोळीचं नाव कुठेच नव्हतं.

"चालते ना हा?" कौतिकाबाईने विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. ती गेली तशी मी वर्ग मॉनिटरवर सोपवून रस्त्यापलीकडे गेले. मन्साराम पुलियाच्या कठड्यावर बसला होता. माझ्या हातातला कागद बघून त्याचा चेहराच उतरला.

"वाचलं?"

"वाचलं. पन्नास वर्षं खोटं बोललात तुम्ही, मन्साभाऊ? आणि दगडावरसुद्धा?"

त्याने सरकून कठड्यावर मला जागा करून दिली. मग म्हणाला, "म्याडम, मी सुटून आलो तवा त्याचा बाप दारात उभा होता. छातीशी हा कागद, तीनच दिवस आधी आलेला. पोरगं गेलं, एवढंच डाकवाल्यानं सांगतलं होतं. मले पाहून एकच बोलला. 'हाल करून मारलं का गा माह्या पोराले?' मी कागद हाती घेतला अन् वाचून देल्ला. गोळी लागली बाबा, एका घडीत गेला, कैदेत आलाच नाही. म्हातारा मटकन खाली बसला अन् म्हणे, 'सुटला.' अन् जेवला त्या दिवशी. तीन दिवसांनी जेवला."

"मग म्हातारे गेल्यावर तरी बाईला सांगायचं!"

"तोवर बाईनं चतुर्दशी धरली होती. एक साल गेलं, दोन गेले. दहा साल झाल्यावर काय तोंडानं सांगू? वर्साचे वर्स ती पत्रावळ मांडून कावळ्याची वाट पाहून राहिली, अन् मले ठाऊक, की दिवसच चुकीचा हाये. मीच चुकवला." त्याने तोंडावरून उपरणं फिरवलं. "सांगतलं, अन् तिनं दार लावून घेतलं, तं राखीले कोनाच्या दारी जाऊ, म्याडम?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्याची भयंकर दया आली. तरी मी कडकपणे म्हटलं, "अर्जात मी खरंच लिहिणार आहे. ते दगडावर जाईल. मग ती ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकेल. त्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकू दे."

पितृपंधरवडा लागलाच होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो मला घेऊन तिच्या घरी गेला. मी कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "तुमी काही बोलू नोका. निस्त्या बसजो. मी पडलो तं उठवजो."

कौतिकाबाई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मन्साराम तिच्यासमोर उभा राहिला. टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून, हजेरीत राहायचा तसाच. आणि एका दमात त्याने सगळं सांगितलं. दसरूला गोळी लागली नव्हती. दोघं एकाच वेळी पकडले गेले, एकाच खोलीत राहिले. उन्हाळ्याच्या अखेरीस दसरूला कावीळ झाली. अंग पिवळं पडलं, पोटात काही ठरेना. छावणीत रोज पोळ्याच. शेवटचे दोन दिवस तो एकच मागत होता: पेज. घरच्या तांदळाची पातळ, गरम पेज.

"मी काय करू, बाई? पोळी पान्यात कुस्करली. हातानं घोटली घोटली, पातळ केली. म्हटलं, घे दसरू, चिन्नोरची पेज हाये, बाईनं पाठवली. पेला दोन घोट. अन् मले म्हणते, 'मीठ कमी हाये गा.' बस. मंग माह्या मांडीवर..."

कौतिकाबाईचं सूप थांबलं होतं.

"सकाळी मोजणी झाली," मन्साराम म्हणाला. "त्याच्या नावावर मोजणारा थांबलाच नाही. लगेच पुढचं नाव."

अंगणात कोंबड्या सांडलेले तांदूळ टिपत होत्या. तिने त्यांना हाकललं नाही. मग तिने विचारलं, "शेवटचं पानी कोनं पाजलं?"

"मीच, बाई."

"तिथी कोनती?"

"आषाढाची पंचमी. उजेडाची. खिडकीतून चंद्र दिसे. दसरू रोज चंद्रावरून हिशोब करे, आता घरी धानाचे पऱ्हे टाकले असन, आता रोवणा लागला असन. त्या दिवशी सांजचाच गेला. पंचमीचा चंद्र समोर होता."

ती उठली. मला वाटलं, आता ही आत जाऊन दार लावणार. मन्सारामलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले. आणि तिने हातातलं सूप फाडकन त्याच्या पाठीत घातलं!

"पन्नास साल!" ती ओरडली. "पन्नास साल माहा भाऊ उपाशी! मी बाई चतुर्दशीले पत्रावळ मांडून बसतो, अन् त्याचा दिवस पंचमीले येऊन निंघून जाते! गोळी खानाऱ्यांच्या पंगतीत माह्या दसरूले कोन बसू देईन रे, मुर्दाड्या? मारे मोठा हजेरी देते! एवढी अक्कल नवती तुले?" आणखी एक सूप बसलं. "बाबाले खोटं सांगतलं, बरं केलं. लई बरं केलं. पन मले कायले? मी का म्हातारी होती तवा?"

मन्साराम मार खात उभा होता आणि रडत होता, आणि रडता रडता हसतही होता. सूप मोडलं तेव्हा ती थांबली. धापा टाकत खाली बसली. मग डोळ्यांना पदर लावून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "खरंच म्हणे का गा तो, मीठ कमी हाये?"

"आईच्यान, बाई."

"माह्या हाताले मीठ कमीच राहे पयलेपासून," ती म्हणाली. "घरात तोच एक नाव ठेवे."

पंचमी चौथ्या दिवशी होती. त्या दिवशी तिने वडे केले नाहीत, कढी केली नाही. एका मोठ्या गंजात चिन्नोरच्या तांदळाची पेज करून आणली. मी मधल्या सुट्टीत गेले होते. दगडापुढे पत्रावळ मांडली, द्रोणात पेज ओतली. आणि नेहमीसारखी कावळ्याची वाट बघत बसायचं सोडून तिने दुसरा द्रोण भरला आणि मन्सारामपुढे धरला.

"तू पे पयले. ज्यानं पानी पाजलं त्याचा मान पयला."

मन्सारामने द्रोण दोन्ही हातांनी धरला. त्याने घोट घेतला. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"मीठ?"

त्याने आणखी एक घोट घेतला. मग त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बराबर हाये, बाई. एकदम बराबर."

कावळ्याचं विचाराल, तर आला की नाही ते आमच्यापैकी कोणी पाहिलंच नाही. नंतर द्रोण रिकामा होता. गावात कुत्री आहेत, मी खोटं कशाला बोलू? पण कौतिकाबाईने त्या दिवशी कोणाला काही विचारलं नाही. गंज कमरेवर घेऊन ती गाणं गुणगुणत घरी गेली. तिला गाता येतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्ज मंजूर झाला. दगड अलीकडे, शाळेच्या फाटकाशी आला, खाली विटांचा ओटा बांधला गेला. अक्षरं मन्सारामने माझ्याकडून कागदावर लिहून घेतली आणि स्वतः गेरूने काढली: 'शिपाई दसरथ. शत्रूच्या कैदेत वारला. एकटा नव्हता.' शेवटची ओळ कौतिकाबाईने सांगितली होती. अर्जात ती नव्हती, पण बाबूने काही हरकत घेतली नाही.

त्या सालचा हिवाळा मन्सारामचा शेवटचा ठरला. नंतर एका पहाटे तो ओसरीवर झोपेतच गेला, आणि त्याचं सगळं कौतिकाबाईने केलं. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिला आहे तो त्याआधीचा, पौष महिन्यातल्या एका सकाळचा. कोवळं ऊन होतं. मी पट उघडला, पहिलं नाव घेतलं आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो उभा नव्हता. वाकून पाहिलं, तर हा गडी दगडाच्या ओट्यावर पाय पसरून, दसरूच्या नावाला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. महामार्गावरून ट्रक हॉर्न वाजवत जात होते, आणि हा चक्क घोरत होता.

"म्याडम, उठवू का त्याहिले?" एका पोरीने विचारलं.

"खबरदार," मी म्हटलं, आणि बाकीची हजेरी हळू आवाजात घेतली.